कावळ्याला सांगितलेले बेचाळीस किलोमीटर

माणूस हा धावण्यासाठीच जन्माला आलेला प्राणी आहे, बसणं ही त्याची विकृती आहे, असं परेश घरत करंजाड्यात भेटेल त्याला ऐकवत असे. परेश गेला तो बसलेला असतानाच.

त्या दिवशी पहाटे नेऱ्याच्या पुढपर्यंत जाऊन तेवीस किलोमीटर धावून तो धडधाकट परत आला, ओट्यावर बसला, बुटाची नाडी सोडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. वय त्रेचाळीस. पोटावर चरबी नाही, रक्तात साखर नाही, खिशात तंबाखू नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. गाव म्हणालं, धावणं. त्याच ओट्यावर त्याचा मोठा भाऊ कमळाकर चहात खारी बुडवत बसला होता. खारी कपात पडून विरघळली आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर दुःखच राहिलं असतं. पण त्या पहाटे परेश घराबाहेर पडताना त्याची बायको रंजिता दारातून ओरडली होती. तिच्या मामेबहिणीची हळद होती उरणला, सकाळीच निघायचं होतं, आणि नवरा बूट घालत होता. "धावा, धावा! मरा एकदाचे धावून!" ती म्हणाली. करंजाड्यात बायका नवऱ्याला दिवसातून दोनदा मर म्हणतात, त्याचा मरणाशी काही संबंध नसतो. पण घरं एकमेकांना चिकटून आहेत, आणि त्या दिवशी सगळी आळी जागी होती.

दहाव्या दिवशी गाढी नदीच्या काठी पिंड मांडला. बाजूला केळीच्या पानावर परेशच्या आवडीचं सगळं ठेवलं: तांदळाची भाकरी, सुका जवळा, बोंबलाचं कालवण. धावताना मध्येच पिळून खातात त्या गोड, चिकासारख्या जेलची एक पुडी चुलतभाऊ निकेशने आग्रहाने ठेवली. भटजी जवळ्याकडे पाठ करून बसले.

कावळे नव्हते असं नाही. टॉवर उभे राहिल्यापासून त्यांनी आपली वस्ती चिकन सेंटरच्या मागे हलवली आहे. तिथे आयतं मिळतं, दुसऱ्याच्या दुःखाची वाट बघावी लागत नाही. तरीही चार आले. कडुलिंबावर बसले, खाली बघितलं आणि चोची पुसल्या.

साडेनऊ वाजता पिंड ठेवला होता. साडेअकरा झाले. एप्रिलचं ऊन. एकेकाने पुढे होऊन हात जोडले.

"परेश, पोरीचं शिक्षण आमी करू!"

"परेश, वरचा मजला पुरा करू, स्लॅब टाकू!"

"परेश, रंजिताला काय कमी पडू देनार नाय!"

कावळे ऐकून घेत होते. एकाने मान वाकडी केली, म्हणून सगळे पुढे सरकले. तो पाठ खाजवत होता.

तेव्हा परेशची आई, सखूबाई, बसल्या जागेवरून बोलली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, पण आवाज मिठागरावरचा, वाऱ्याविरुद्धही पोचणारा. "ज्या तोंडानं मर म्हनलं ते तोंड पुढं होव दे. बाकीच्यांनी घसे कनाला सुकवायचे?"

सगळ्या माना रंजिताकडे वळल्या. ती उठली, पुढे गेली, हात जोडले. ओठ हलले, आवाज आला नाही. कडुलिंबावरचा सगळ्यांत मोठा कावळा उडाला आणि आणखी लांब, विजेच्या तारेवर जाऊन बसला. सखूबाईने कपाळावर हात मारून घेतला. बायकांमध्ये एक हुंकार फिरला. तो हुंकार आता रंजिताच्या मागे जन्मभर फिरणार हे कमळाकरला उभ्या उभ्या कळलं. तो काही धीराचा माणूस नव्हता. रेती, विटा, सिमेंटचं दुकान चालवणारा, चौऱ्याण्णव किलोचा, एक्कावन्न वर्षांचा साधा माणूस. पण ते त्याला सोसवलं नाही.

"परेश!" तो ओरडला. "तुजी ती मुंबईची मॅरेथॉन ऱ्हायली ना? मी धावतो! बेचाळीस किलोमीटर, पुरे! आता शिव रे बाबा!"

त्याच वेळी दगडाआड झोपलेलं एक कुत्रं निकेशने ढेकूळ मारून हाकललं. कुत्रं गेलं आणि कावळा खाली आला. त्याने जवळ्याने चोच भरून घेतली. कुत्रं आणि कावळा दोन्ही पाहिले ते एकट्या कमळाकरने. बाकीच्यांनी फक्त कावळा पाहिला, सुटकेचा श्वास सोडला आणि जेवायला गेले. भुकेल्या माणसाची श्रद्धा लवकर बसते.

पुढचा आठवडाभर कमळाकर पळवाट शोधत होता. शेवटचा तो धावला होता सहावीत, मास्तर मागे लागले होते तेव्हा. निकेशने चौकशी करून आणली की त्याच दिवशी सहा किलोमीटरचीही एक असते. तिच्यात लोक नटून येतात, हळूहळू चालतात आणि फोटो काढतात. तीही मॅरेथॉनच. दोघे भटजींकडे गेले.

भटजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "कावळ्याला अंतर सांगितलं होतंत का?"

"बेचाळीस."

"पुरे, असं म्हणालात?"

"म्हनालो."

"तिथे चुकलात. अशा वेळी मोघम बोलावं. नुसतं 'धावतो' म्हणायचं."

"माणूस लावून धावून घेतलं तर?" निकेशने विचारलं. "मजुरी आमी देव."

"पिंडाचा शब्द ठेक्याने देता येत नाही," भटजी म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

घरी सखूबाईने हिशेब आणखी सोपा करून ठेवला. "तू धावशील तवाच माजा पोर सुटल," ती कमळाकरला म्हणाली. "नायतर इच्या जिभेला लटकून ऱ्हाईल तो." आणि चुलीच्या दिशेने हनुवटी उडवली. रंजिता तांदूळ धूत होती. तिने पाणी ओतून टाकलं, दुसरं घेतलं, तेही ओतलं, तिसरं घेतलं. पाणी कधीच स्वच्छ झालं होतं.

म्हणून जूनपासून कमळाकर धावू लागला. त्याची बायको मनिषा पहिल्या दिवशी त्याच्या हाफपँटकडे बघून हसली नाही, यावरूनच काय ते समजा. "एक गेला धावून," ती म्हणाली, "आता त्या कावल्यानं दुसऱ्याला लायनीत उभा केलाय. मी कुनाला काय म्हनू? मना तर आता भांडायचीबी चोरी झाली." आणि खरोखर त्या घरात कोणी कोणाला मर म्हणेनासं झालं. चमचा पडला तरी बायका आवाज चावून टाकत. भांडणाशिवाय घर इतकं सुनं होतं हे कोणाला माहीत नव्हतं.

स्टेशनकडच्या टॉवरमध्ये राहणारा निनाद नावाचा कॉम्प्युटरवाला धावणाऱ्यांचा गट चालवत असे. परेश त्याच गटात होता. निनाद कमळाकरकडे जबाबदारीने आणि थोड्या भीतीने बघे.

"काका, हार्ट रेट किती येतोय?"

"किती काय? चालू हाय, तेवडं बास."

"काका, वय वजा करून एक आकडा काढायचा असतो..."

"वयातून वजा करू नको रे बाबा. आमच्या घरात तेच झालंय."

निनाद पुन्हा आकडा विचारायला आला नाही. फक्त कमळाकरच्या बरोबरीने हळू धावू लागला आणि दर दोन मिनिटांनी त्याच्याकडे बघू लागला, स्टोव्हवर दूध ठेवल्यासारखा.

रोज पहाटे पाच वाजता फाटकाशी रंजिता उभी असे. हातात बाटली, बाटलीत लिंबू, मीठ, साखर. परेशला तिने अशी बाटली कधी दिली नव्हती. त्याच्यासाठी ती उठतही नसे. आता ती उठे, बाटली देई आणि एक अक्षर न बोलता आत जाई. बाटलीत मीठ रोज जास्त असे. कमळाकरने ते कधी सांगितलं नाही.

त्याची समजूत होती की धावता धावता भावाचं मन आपल्याला कळेल. त्याला कळलं ते एवढंच की गुडघा दुखतो आणि मग दुसराही दुखतो. डंपर अंगावरून धूळ उडवत जात. वारा फिरला की तळोज्याच्या कारखान्यांचा वास येई, आणि तोंड बंद करून धावायचं की उघडं ठेवून, असा प्रश्न पडे. पावसात पायाच्या बोटांना चिखल्या पडल्या. सप्टेंबरात वजन चौऱ्याऐंशी झालं. लोक म्हणाले, भावाच्या दुःखाने खंगला. ते तितकंसं खोटं नव्हतं.

ऑक्टोबरात एकदा नेऱ्याच्या अलीकडच्या मोरीच्या कठड्यावर तो दम खायला टेकला. समोर गंगाबाईची चहाची टपरी. तिने न मागता चहा आणून दिला.

"तुमचे भाव बसायचे हितंच," ती म्हणाली.

"बसायचा? परेश?"

"रोज. अर्धा-अर्धा तास. घड्याल काढून खिशात टाकायचे आनि डोंगराकडं बगत बसायचे. मंग उठून धावायचे."

"काय बोलायचा काय?"

"एकदा इचारलं मी. म्हनले, घरी बसलं की कोनतरी काम सांगतं."

कमळाकर चहा न पिता डोंगराकडे बघत राहिला. डोंगर हिरवा होता, त्यात बघण्यासारखं विशेष काही नव्हतं. आयुष्यभर धाकट्या भावाला काम कोण सांगत आलं होतं हे त्याला चांगलं माहीत होतं. परेश, गाडी आलीय, विटा मोजून घे. परेश, आईला दवाखान्यात ने. परेश, बसलाच हायस तर. तो उठला, उरलेलं अंतर चालत घरी आला, आणि ही गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नाही.

मोठ्या शर्यतीला नाव घालायचं तर आधी अर्धी धावल्याचा दाखला लागतो. जातीचा, उत्पन्नाचा, प्रकल्पग्रस्ताचा असे सगळे दाखले कमळाकरकडे होते, हा नव्हता. नोव्हेंबरात तो नवी मुंबईत एक अर्धी धावला. त्याच्या मागे फक्त अँब्युलन्स होती, आणि ती मुद्दाम हळू चालवत होते. दाखला मिळाला. नाव लागलं.

नाव लागल्याबरोबर निकेशने नाक्यावर फ्लेक्स लावला. वीस फुटी. काळा चष्मा घातलेला कमळाकर, मागे भगवा सूर्य, खाली शुभेच्छुक म्हणून एकोणतीस चेहरे. वर मोठ्या अक्षरांत: 'मुंबई मॅरेथॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल मा. कमळाकरशेठ घरत यांचे हार्दिक अभिनंदन!'

"अरे, अजून दोन महिने हाईत!" कमळाकर म्हणाला.

"दादा, जागा मोकली व्हती. नंतर वाढदिवसांची गर्दी व्हते."

सखूबाईला परेशच्या पोरीने, कादंबरीने, तो फ्लेक्स वाचून दाखवला. म्हातारीने रंजिताकडे एकवार बघितलं आणि जपाची माळ मागितली. त्या बघण्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला कळला: बघू.

जानेवारीतल्या त्या रविवारी निनादच्या गाडीतून कमळाकर मुंबईला गेला आणि अंधारातच हजारो माणसांबरोबर धावायला लागला. पहिले दहा किलोमीटर त्याला वाटलं, हे जमतंय. सागरी सेतूवर खारा वारा आला, लहानपणीच्या मिठागरासारखा, आणि वीस किलोमीटरपर्यंत त्याला वाटलं, हे नक्की जमतंय. पंचविसाव्याला वाटणं बंद झालं. तिसाव्याला पोटऱ्यांत गोळे आले. लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून थाळ्या वाजवत होते, केळी, बिस्किटं, मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी देत होते. कोणाचं काही नातं नाही, ओळख नाही, तरी नावाची पाटी वाचून ओरडत होते, "कमळाकरकाका, चलो!" एक बाई म्हणाली, "काका, स्माईल!" त्याने केलं. ती दोन पावलं मागे सरली.

पेडर रोडच्या चढणीवर तो धावत होता असं म्हणता येणार नाही. तो सरकत होता. सदतिसाव्या किलोमीटरच्या पाटीशी पिवळा टीशर्ट घातलेली एक मुलगी आडवी आली. तिच्यामागे बस उभी होती, मागे राहिलेल्यांना गोळा करणारी.

"काका, वेळ संपली. रस्ता उघडतोय. बसमध्ये बसा, प्लीज."

"पाचच ऱ्हायलेत, बाय."

"सगळे तेच म्हणतात, काका."

"मना कडंकडंनं जाव दे. फुटपाथवरून जातो."

"पोलीस सोडणार नाहीत हो. तुमचा चेहरा बघा कसा झालाय."

"बाय," कमळाकर तिला अगदी समजावून म्हणाला, "मी कावल्याला शब्द दिलाय."

मुलीने शिट्टी वाजवली. दोन डॉक्टर आले. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला, डोळ्यांत बॅटरी मारली.

"नाव सांगा, काका."

"कमळाकर बाळाराम घरत."

"आज वार कुठला?"

"रविवार."

"आणि शब्द कोणाला दिलाय म्हणालात?"

कमळाकरने एकदा चढणीकडे बघितलं. वर एक माणूस झाडू मारत होता. केळ्याची सालं, कागदी पेले, सगळं एका बाजूला लोटत होता.

"कुनाला नाय," तो म्हणाला. अर्धा तास त्यांनी त्याला तसंच बसवून ठेवलं आणि मग बसमध्ये चढवलं.

बसमध्ये चौदा-पंधरा जण होते. मर्तिकाला जाऊन आलेल्या गाडीसारखी शांतता होती. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. पलीकडच्या सीटवरचा टक्कल पडलेला गृहस्थ फोनवर बायकोला सांगत होता, "झाली, झाली! मस्त झाली! नाही, फोटो नंतर." फोन ठेवून तो खिडकीबाहेर बघू लागला.

कमळाकरने ते ऐकलं. पाच किलोमीटर. करंजाड्यातून इथे मोजायला कोण येणार होतं? आणि खरं सांगितलं तर म्हातारी काय म्हणेल, आळी काय म्हणेल, ती बाई उरलेला जन्म कशी काढेल? दहा महिन्यांत तो एकच गोष्ट शिकला होता, की अंतर नेमकं सांगू नये. त्याने कमरेच्या पाऊचमधून फोन काढला.

"रंजिता."

"बोला, भावजी."

"झाली. पुरी झाली."

तिकडे कुकरची एक शिट्टी झाली.

"भावजी," रंजिता म्हणाली, "कादंबरीनं सकालपासून तुमचं लोकेशन लावून ठेवलंय. एवडा वेल तुमचा ठिपका मुंगीसारका चालला व्हता. मंग अर्धा तास एका जागी. आनि आता एकदम गाडीवानी पलतोय."

कमळाकरने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बसमदी हाव ना?"

"हां."

"पानी पिलाव?"

"प्यालो."

"बरं केलाव बसलाव ते." तिचा आवाज नेहमीपेक्षा जरा मोकळा होता की थकलेला, त्याला कळेना. "ठिपका थांबला तवा आयनी इचारलं, काय झालं, थांबला कनाला? मी म्हनलं, आई, पोचले ते. पुरे झाले बेचाळीस. पोरीला डोल्यांनी गप केलं."

"मग?"

"मंग काय. रडल्या. दिवा लावला. मना जवल घेतलं, दहा म्हयन्यांत पयल्यांदा. म्हनल्या, सुटला माजा पोर, आनि बाय, तूबी सुटलीस."

"मग सुटलीसच तू," कमळाकर घाईघाईने म्हणाला. "झालं ना? संपलं."

"त्या सुटल्या, भावजी. त्यानला पाच किलोमीटर ठावं नाय ना. मना ठावं हाय."

बस सिग्नलला थांबली. बाहेर गळ्यात पदकं घातलेली माणसं लंगडत, हसत चालली होती. बाळाराम घरताचा मोठा मुलगा ताठ बसला. आयुष्यात एकदा तरी कोणाला उपयोगी पडेल असं बोलावं, असं त्याला वाटलं. त्याने घसा साफ केला.

"रंजिता, ऐक माजं," तो म्हणाला. "मानसाचं जगनं-मरनं हे कुनाच्या बोलन्यावर..."

"भावजी, ते ऱ्हाव द्या आता," रंजिता हळू म्हणाली. "आमचा सिलेंडरवाला दारात उभा हाय. यांचा नंबर बंद केल्यापासून तो ओटीपी तुमच्याच फोनवर येतो. तेवडा बगून सांगा ना."